'स्टेजकोच' आणि 'एक्स्प्रेस कंपनी'ला मराठीत काय म्हणावं?

वाटसरू: अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जुन्या टपालव्यवस्थेवर लिहितोय. स्टेजकोचला 'घोडागाडी' म्हटलं की मुंबईची व्हिक्टोरियाच डोळ्यांपुढे येते. आणि एक्स्प्रेस कंपनीला 'जलद टपाल कंपनी' चालेल का?

कोशकीटक: स्टेज म्हणजे टप्पा. दर काही मैलांवर ठाणं असायचं. तिथे दमलेली जनावरं सोडायची, ताजी जुंपायची की गाडी पुढे. बटरफील्डची ओव्हरलँड मेल ही टपालगाडी १८५८ ते १८६१ या काळात मिझुरीतून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत अशीच धावली. सुमारे २,८०० मैल, आठवड्यातून दोन फेऱ्या, करारात मुदत २५ दिवसांची. त्यामुळे 'टप्पागाडी' म्हणा. आरटीओचा 'टप्पा वाहतूक परवाना' आपल्याकडे आहेच, एसटीचं भाडंही टप्प्यांवरच ठरतं. शब्द अगदी घरचा आहे.

'जलद' मात्र नको. वेल्स फार्गो ही एक्स्प्रेस कंपनी १८५२ साली निघाली ती सोनं, रोकड, पार्सलं नि पत्रं जबाबदारीने पोचवायला. सोबत सोन्याची खरेदी आणि पेढीही. तिच्या पेट्या बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांतून जात. बेन हॉलिडेचा मोठा गाडीधंदा तिने घेतला तो १८६६ मध्ये. म्हणजे गाडीवाला वेगळा, माल सांभाळणारा वेगळा. आपल्याकडचे आंगडिये आठवा, रोकड नि दागिने विश्वासावर पोचवणारे.

वाटसरू: मग 'आंगडिया कंपनी'?

कोशकीटक: नको, वाचक थेट झवेरी बाजारात पोचेल! 'जोखीम' या शब्दाचा मौल्यवान ऐवज असाही अर्थ आहे. 'जोखीम-वाहतूक कंपनी' कसं वाटतं?

रानवारा: थोडं अवजड आहे, पण अर्थ नेमका. पोनी एक्स्प्रेसला मात्र ते लावू नका. तिथे वेग हाच मुद्दा होता. एप्रिल १८६० पासून सेंट जोसेफ ते सॅक्रामेंटो साधारण दहा दिवसांत, घोडे बदलत, स्वार बदलत. ऑक्टोबर १८६१ मध्ये तारायंत्र जोडलं गेलं आणि दुकान बंद. 'घोडेस्वार डाक' पुरे.

आणखी एक अडचण: गाडीवानाशेजारी बंदूक घेऊन बसणारा 'शॉटगन मेसेंजर'. त्याला 'निरोप्या' लिहू नका. तो एक्स्प्रेस कंपनीचा माणूस, तिजोरीच्या पेटीवर नेमलेला.

वाटसरू: 'जोखीमदार'?

कोशकीटक: तो जामीन राहणारा वाटतो. सरळ 'बंदूकधारी राखणदार' लिहा.