मदत हवी आहे: डावी ग्रिप ओल्यात फिरते, उजवी नवी टाकल्यावर रेस अडकते

१५० सीसीची बाईक आहे, हँडलच्या दोन्ही टोकांना स्क्रूने बसवलेली वजनं आहेत. ग्रिपचा नवा जोड आणून साबणाच्या पाण्याने चढवला. दोन दिवस झाले तरी डावी ग्रिप हात ओला असला की गोल फिरते. उजवीकडे रेस पिळून सोडली की मूठ सावकाश मागे येते, कधी मध्येच थांबते. केबल तीच आहे, आधी त्रास नव्हता. काय चुकलं असेल? आणि ग्रिप न फाडता परत कशी काढू?

प्रतिसाद १

आधी उजवी बाजू, कारण ती धोक्याची आहे. रेस टचकन बंद होत नाही तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

तुमची ग्रिप बहुधा जास्त आत गेली आहे. ग्रिपची आतली कडा आणि स्विचचा डबा यांच्यात २ ते ३ मिमी फट हवी. कडा डब्याला टेकली की रबर घासतं आणि स्प्रिंगचा जोर तिथेच मरतो. दुसरी जागा बाहेरच्या टोकाला. जोडातल्या ग्रिपचं टोक बंद होतं का? ते ब्लेडने कापून वजनासाठी भोक पाडलं असेल, तर आत रबराची चिंधी राहिली आहे का ते बोट फिरवून बघा. ती वजन आणि रेसचा पाइप (उजव्या ग्रिपच्या आतली, रेस पिळताना फिरणारी नळी) यांच्यामध्ये चेपली जाते. वजन घट्ट केल्यावरही पाइप डावी-उजवीकडे किंचित, साधारण १ मिमी, हलला पाहिजे.

प्रतिसाद २

डावीकडे नुसतं साबणाचं पाणी वापरलंत, तेच कारण. पाणी आत अडकून राहतं, आणि वाळलं तरी साबणाचा थर उरतो. हात ओले झाले की तोच बुळबुळीत होतो. तेल, ग्रीस किंवा गंज सोडवणारा स्प्रे तर अजिबात नको, तो उडून जातच नाही.

न फाडता काढायची तर पातळ, बोथट स्क्रूड्रायव्हर कडेखालून सरकवा, त्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा आणि मूठ पिळत बाहेर ओढा. मग हँडलचा पाइप ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, गंजाचा खरखरीतपणा जाईपर्यंत. उजवीकडे पेपर लावू नका, रेसचा पाइप प्लॅस्टिकचा आहे, नुसता पुसा. दोन्ही पृष्ठभाग कोरडे झाले की ग्रिपच्या आत हेअर स्प्रे मारा आणि लगेच, ५-१० सेकंदांत, एका दमात पिळत चढवा. ओला असताना तो सरकवतो, वाळला की चिकटवतो. रात्रभर हात लावू नका.

मूळ प्रश्नकर्ता

चिंधी सापडली, बारीक नखाएवढी. डावीकडे इन्स्टंट ग्लू चालेल का? आणि जोडातल्या दोन ग्रिपची भोकं वेगळी का?

प्रतिसाद १

इन्स्टंट ग्लू नको. ग्रिप अर्ध्यात असतानाच तो पकडतो, आणि पुढच्या वेळी उजवीकडे काढताना रेसचा पाइपच फुटतो. हेअर स्प्रेने नाही धरलं तर ग्रिपसाठीच मिळणारा गोंद लावा.

भोकं वेगळीच असतात. हँडलचा पाइप बाहेरून २२ मिमी, पण उजवीकडे त्यावर रेसचा पाइप येतो, म्हणून ती ग्रिप २५ मिमीच्या आसपास. अदलाबदल केली की उजवीकडची डावीकडे सैल बसते आणि कितीही चिकटवली तरी फिरते. डावी काढाल तेव्हा भोक मोजाच.

प्रतिसाद २

वजनाच्या स्क्रूला कंपनीचा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावलेला गोंद, असतो. खाचेत नीट बसणारा मोठा स्क्रूड्रायव्हर लावून मागून हातोडीचे दोन ठोके द्या, मग फिरवा. लहान टोकाचा लावलात तर खाच गुळगुळीत होते आणि स्क्रू ड्रिल करावा लागतो.

सगळं बसवल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, सरळ, पूर्ण उजवीकडे, अशा तिन्ही ठिकाणी रेस पिळून सोडा. तिन्हीकडे टक् आवाज करत परत आली पाहिजे. मग न्यूट्रलमध्ये गाडी चालू करून हँडल या टोकापासून त्या टोकाला फिरवा. इंजिनचा आवाज वाढला तर ग्रिपचा दोष नाही, केबल ताणली जाते आहे. तिचा मार्ग आणि फ्री प्ले (केबल ताणली जाण्याआधी मूठ मोकळी फिरते ते अंतर) तपासा, मुठीच्या कडेवर २ ते ६ मिमी.