अडत्यासमोर आमची शेतकरी कंपनी टिकत नाही, भांडवल कुठून आणायचं?

रिसोडचा_सोयाबीनवाला
नमस्कार मंडळी. रिसोड तालुक्यात (जि. वाशीम) आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. ३१२ सभासद, प्रत्येकी १००० रुपयांचा शेअर. पाच संचालकांत हिशेब लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून सगळं माझ्या गळ्यात.

गेल्या दसऱ्याला सोयाबीन खरेदी सुरू केली. अडत्यापेक्षा क्विंटलमागे ६० रुपये जास्त, कडता (वजनातली कपात) नाही, इलेक्ट्रॉनिक काटा. चार दिवस रांग होती, मग पैसे संपले. माल तेल गिरणीला गेला, तिथून पैसे यायला १७ दिवस लागले आणि तेवढे दिवस माणसं माझ्या ओट्यावर बसून. पाचव्या दिवशी आमच्या अध्यक्षांच्या चुलत्याचा ट्रॅक्टर आमच्या दारावरून सरळ अडत्याकडे गेला. विचारलं तर म्हणाले, "बाळा, तुझा काटा चांगला, पण त्याचा गल्ला चांगला."

आता बाकीच्या संचालकांना दाल मिल टाकायची आहे. अनुदान मिळतंय ना, मग टाकू, असं चाललंय. मला पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही.

गोदामाची_किल्ली
नाशिककडच्या मोहाडीला, सह्याद्री फार्म्स ही मोठी शेतकरी कंपनी बघायला, सहल झाली वाटतं? तिथून आलेला प्रत्येक संचालक प्लांटच मागतो. सह्याद्रीची सुरुवात निर्यातीच्या द्राक्षांनी झाली होती, आपल्याकडे सोयाबीन आहे, एवढं एसटीत बसल्यावर कुणाला आठवत नाही.

माजी_सचिव_हिंगोली
भाऊ, मी सहा वर्षं कंपनी सांभाळली, त्यातली दोन वर्षं तुम्ही केलं तेच करून तोंडावर पडलो. तुमचं भांडवल ३ लाख १२ हजार. दहा टनांची एक गाडी म्हणजे १०० क्विंटल, ४२०० चा भाव धरला तरी ४ लाख २० हजार. एक गाडीही भरत नाही आणि अडत्याशी कुस्ती खेळायला निघालात. शिवाय त्या अडत्यानं पेरणीला, दवाखान्याला उचल दिलेली असते. माल त्याच्याकडे जाणारच. त्यात चुलत्यांचा दोष नाही.

खरेदी बाजूला ठेवा, बियाण्यात या. सोयाबीनला एकरी ३० किलो बियाणं लागतं आणि जूनमध्ये ते रोखीनं विकलं जातं. १५-२० चांगले सभासद निवडा, पायाभूत बियाणं (ज्यापासून विक्रीचं प्रमाणित बियाणं तयार होतं ते) आणा, बीज प्रमाणीकरण यंत्रणेकडे त्यांचे बियाण्याचे प्लॉट नोंदवा. बियाणं विक्रीचा परवाना कंपनीच्या नावावर लागतो, ते काम आत्ताच सुरू करा. या खरिपात प्लॉट, पुढच्या जूनमध्ये विक्री. मधल्या काळात खताचं दुकान चालवा, पण उधारीची वही उघडायची नाही. आम्ही उघडली होती. त्यातले काही सभासद अजून मला बघून रस्ता बदलतात.

खरी मेख मळणीत आहे. ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० च्या वर गेले की टरफल फुटतं आणि उगवण बसते. पोती गाडीतून फेकायची नाहीत, हमालाला हे दरवेळी नव्यानं सांगावं लागतं. उगवण ७० टक्क्यांच्या खाली आली की लॉट नापास, मग तो तेल गिरणीच्याच भावानं जातो. ऑक्टोबरच्या पावसात आमचा एका वर्षी निम्मा माल असाच गेला. हा धोका धरूनच चाला.

ताळेबंद_ताई
दादा, दोन गोष्टी. २०२० च्या केंद्राच्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत तुमची नोंद असेल तर सभासदांच्या शेअरइतकं अनुदान मिळू शकतं, सभासदामागे जास्तीत जास्त २०००, कंपनीला १५ लाखांपर्यंत. तुमच्या हिशेबानं भांडवल दुप्पट.

दुसरं, वार्षिक सभा वेळेत झाली का, आणि कंपनी निबंधकाकडचे एओसी-४ (ताळेबंद) व एमजीटी-७ (वार्षिक विवरण) हे फॉर्म वेळेत भरलेत का? उशीर झाला तर एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये. दोन्ही वर्षभर राहिले तर ७३ हजार. अनुदानामागे धावणाऱ्या कंपन्या इथेच मरतात.

ज्या सभासदांना थांबायचं आहे त्यांना बाजार समितीची शेतमाल तारण योजना सांगा. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवस. कर्ज शेतकऱ्याच्याच नावावर असतं. तुमच्या समितीत योजना चालू आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.

रिसोडचा_सोयाबीनवाला
आठ दिवसांनी लिहितोय. एमजीटी-७ राहिलेला होता, ताई. दंड भरला. पोटात गोळा आला, पण भरला.

दाल मिलचा ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पुढे ढकलला. दरम्यान सभासदांच्या घरचं बियाणं मागवून ओल्या गोणपाटात शंभर-शंभर दाणे लावले. त्याच चुलत्यांचे ८३ उगवले, अध्यक्षांचे ५४. काका दोनदा मोजून गेले. प्लॉटच्या यादीत पहिलं नाव त्यांचं लिहिलंय. अध्यक्ष मात्र म्हणतात, गोणपाट कोरडं पडलं होतं.