डिझेल गाडीला जादा फिल्टर किंवा वॉटर सेपरेटर बसवावा का? (कोल्हापूर–गगनबावडा मार्ग)

दूधगाडी, गगनबावडा

नमस्कार. माझ्याकडे दूध संकलनाचा पिकअप आहे. गाडी बीएस-४ (प्रदूषणाचे आधीचे प्रमाण) काळातली असून इंजिन कॉमन रेल डिझेल आहे, म्हणजे रेल नावाच्या एका सामाईक नळीतून जास्त दाबाचे डिझेल सर्व इंजेक्टरना मिळते. गगनबावड्याच्या आसपासच्या वाड्यांवरून दूध गोळा करून मी रोज पहाटे ते कोल्हापुरात पोहोचवतो, म्हणजे जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर होतात. आमच्याकडचा पाऊस सर्वांना ठाऊक आहेच. जून ते सप्टेंबर गाडी रात्रभर अंगणात उघड्यावर असते.

गेल्या पावसाळ्यात डॅशबोर्डवर डिझेलमधील पाण्याचा दिवा दोनदा लागला. पहिल्या वेळी मी दोन दिवस तशीच गाडी चालवली, ही माझी चूक झाली. तिसऱ्या दिवशी कळ्याच्या अलीकडे गाडी मिसिंग करू लागली आणि चढाला ओढेनाशी झाली. दूध दुसऱ्या गाडीत भरून पाठवावे लागले. फिल्टर बदलला, टाकी उतरवून धुतली, तरी शेवटी एक इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बदलावाच लागला. फिल्टरमधून जे निघाले ते मी काचेच्या बरणीत धरले होते. खाली दोन बोटे पाणी, त्यावर डिझेल आणि दोहोंच्या मध्ये काळसर, शेवाळासारखा एक थर होता.

आता पुढचा पावसाळा येण्याआधी कंपनीच्या फिल्टरशिवाय आणखी एक फिल्टर किंवा वॉटर सेपरेटर (डिझेलमधले पाणी वेगळे करून खालच्या कपात धरणारा फिल्टर) बसवावा असा विचार आहे. तो टाकीच्या बाजूला बसवावा की इंजिनाच्या, किती मायक्रॉनचा (गाळणी किती बारीक ते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घ्यावा आणि त्यामुळे गाडीच्या ओढीवर परिणाम होतो का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. जो माल घ्यायचा त्याचे एलिमेंट, म्हणजे आतली बदलायची गाळणी, कोल्हापुरात सहज मिळायला हवे.

दहाचाकी, शिरोली

आमच्या ट्रकना चासीवर पारदर्शक कप असलेला वॉटर सेपरेटर कंपनीकडूनच बसवलेला येतो. त्यामुळे आपण विचारता आहात ती काही नवलाची गोष्ट नाही; मोठ्या गाड्यांत ती नेहमीची आहे. गाडी सुरू करण्याआधी चालकाने कपात बॅटरीचा उजेड टाकून बघायचे, तळाशी पाणी दिसले तर सोडायचे, हा आमच्याकडे नियम आहे. पार्कर रॅकोर, फ्लीटगार्ड, डोनाल्डसन आणि मान यांची उत्पादने या कामासाठी चांगली आहेत. कोणते घ्यायचे हे मात्र एलिमेंटवरून ठरवा. आधी दुकानात जाऊन त्याच क्रमांकाची दोन एलिमेंट हातात घ्या आणि मगच हेड (एलिमेंट ज्यात बसते तो वरचा भाग) विकत घ्या.

पंप-नोझल, उद्यमनगर

मी बरीच वर्षे डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्तीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी आपल्या बरणीतल्या त्या काळ्या थराविषयी. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ तयार होतो. असा थर तयार व्हायला दिवस जावे लागतात. त्यामुळे आपल्या टाकीच्या तळाशी पाणी बरेच दिवस साचून होते, असे मी समजतो. एखाद्या वेळी भरलेल्या खराब डिझेलने एवढे होत नाही. पंपावरचे डिझेल चांगले असले तरी टाकीत पाणी येते. बीएस-६ च्या प्रमाणात डिझेलमध्ये किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते. ५० लिटरच्या टाकीत ते आठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दीड-दोन चहाचे चमचे झाले. एरवी ते डिझेलमध्ये मिसळून निघून जाते. परंतु कॉमन रेलमध्ये इंजिनाच्या पंपाकडे गेलेल्या डिझेलपैकी बराच भाग जळतच नाही, तो गरम होऊन परत टाकीत येतो. गरम डिझेलमध्ये पाणी जास्त विरघळते आणि रात्री टाकी थंड झाली की तेच पाणी वेगळे होऊन तळाला बसते. त्यात आपली टाकी अर्धी रिकामी राहत असेल तर वरच्या दमट हवेतला ओलावाही पत्र्यावर धरतो. म्हणून पावसाळ्यात सकाळी परतताना न भरता संध्याकाळी गाडी उभी करण्याआधी टाकी भरून ठेवत जा. या सवयीला काही खर्च नाही आणि फिल्टर बसवण्याआधी तीच लावून घ्यावी.

आता एवढेसे पाणी इंजेक्टर का खाते ते सांगतो. आपल्या पद्धतीच्या इंजिनात रेलमधला दाब १६०० बारपर्यंत जातो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज यावा. इंजेक्टरच्या आतल्या सुईत आणि तिच्या घरात दोन-तीन मायक्रॉनचीच फट असते, तर आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. या फटीत वंगणाचे काम डिझेलच करते. पाण्याला तो गुण नाही, शिवाय ते पोलादाला गंजवते. जुन्या रोटरी किंवा इनलाइन पंपाच्या गाड्या थोडे पाणी पचवत असत. त्या अनुभवावर ‘काही होत नाही’ असे सांगणाऱ्यांचे कॉमन रेलच्या बाबतीत ऐकू नये.

जादा फिल्टर कुठे बसवायचा, यात सर्वांत जास्त चुका होतात. आपल्या गाडीत डिझेल टाकीतून ओढले जाते की ढकलले जाते, हे प्रथम बघा. इंजिनाजवळच्या नळीवर हाताने दाबायचा रबरी प्रायमर असेल तर बहुधा पंप डिझेल ओढून घेतो आहे. किल्ली फिरवल्यावर टाकीतून काही क्षण घूंऽ असा आवाज येत असेल तर टाकीत विजेचा पंप आहे आणि तो पुढे दाबाने ढकलतो आहे. दोन्हींसाठी सेपरेटर वेगळा लागतो. ओढण्याच्या बाजूसाठी बनवलेला कप दाबाच्या नळीवर लावला तर तो गळू शकतो, आणि गरम इंजिनाशेजारी डिझेल गळणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे.

आपल्या पिकअपला प्रायमर असेल असे धरून चालतो. अशा गाडीत सेपरेटर टाकी आणि कंपनीचा फिल्टर यांच्यामध्ये, चासीच्या आतल्या अंगाला बसवावा. पंपाच्या आधी बसवण्याचे कारण असे की पंपातून गेल्यावर पाणी घुसळले जाऊन त्याचे बारीक थेंब होतात, आणि ते थेंब वेगळे करणे फार अवघड जाते. पंपापूर्वी ते मोठ्या थेंबांत असते, तेव्हाच धरावे. जागा निवडताना सायलेन्सरच्या पाइपपासून अंतर ठेवा, चाकाने उडवलेला दगड लागणार नाही असे बघा, आणि कपाखालच्या कॉकपर्यंत हात पोहोचला पाहिजे हे विसरू नका. जिथे हात पोहोचत नाही तिथले पाणी कोणी काढत नाही, हे मी रोज पाहतो.

मायक्रॉनच्या बाबतीत जितका बारीक तितका चांगला, असा समज आहे. या जादा फिल्टरसाठी तो चुकीचा आहे. ओढण्याच्या बाजूला बारीक एलिमेंट लावले की पंपाला जोर पडतो. ते थोडे तुंबले की डिझेल कमी पडते आणि नेमकी घाटात भरलेली गाडी मरते. सेपरेटरमध्ये ३० मायक्रॉन, फार तर १० मायक्रॉन घ्यावे. बारीक गाळणीचे काम कंपनीच्या फिल्टरने करायचे आहे आणि तो कोणत्याही परिस्थितीत काढायचा नाही. रॅकोरच्या ५०० मालिकेत २, १० आणि ३० मायक्रॉन अशी तिन्ही एलिमेंट एकाच हेडमध्ये बसतात, म्हणून विकत घेताना ही चूक हमखास होते. ३० चे लाल, १० चे निळे आणि २ चे तपकिरी असते, हे ध्यानात ठेवा. सेपरेटरची क्षमता बघताना ताशी किती डिझेल जळते ते धरू नका, परत टाकीत जाणारे डिझेलही त्याच्यातूनच जाते. आपल्या गाडीच्या गरजेच्या दुप्पट क्षमतेचा घेतला तर ओढ कमी होणार नाही.

नळी डिझेलसाठी बनवलेली नायट्राइल रबराचीच घ्या आणि आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नको. पाण्याची प्लास्टिक नळी काही महिन्यांत कडक होऊन चिरते. ओढण्याच्या बाजूला चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बाहेरून सारे कोरडे दिसते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

ऊसवाहतूक, कागल

वरच्या शेवटच्या मुद्द्याचा मला आलेला अनुभव सांगतो. ट्रॅक्टरला आम्ही स्वतःच एक छोटा, प्लास्टिकचा, पारदर्शक फिल्टर लावला होता, जो खरे तर पेट्रोलच्या दुचाकीसाठी असतो. हंगाम ऐन भरात असताना दोन ट्रॉल्या ऊस भरलेला ट्रॅक्टर रोज सकाळी एअर पकडू लागला. चार दिवस आम्ही फीड पंपावर संशय घेतला. शेवटी एका फिटरने टाकीपासून पंपापर्यंत हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली, तेव्हा तिच्यातून बारीक बुडबुडे एकामागे एक जाताना दिसले. त्या फिल्टरच्या जोडापाशी क्लॅम्प बसत नव्हता.

आमच्याकडे डिझेल बॅरलमधून भरले जाते. बॅरल आता थोडे कलते ठेवतो, नवीन डिझेल आल्यावर एक दिवस त्याला हात लावत नाही, आणि उपसायची नळी तळापासून चार बोटे वर राहील अशी बांधली आहे. झाकणावर पावसाचे पाणी साचू नये म्हणून बॅरल शेडमध्ये घेतले. हे केल्यापासून ट्रॅक्टरच्या फिल्टरमधून निघणारे पाणी जवळजवळ थांबले. आपण गावात बॅरलने डिझेल साठवत असाल तर आधी तिथे लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

दूधगाडी, गगनबावडा

सर्वांचे आभार. आमच्याकडे बॅरल नाही, डिझेल पंपावरूनच भरतो. गाडीला प्रायमर आहे, म्हणजे ओढण्याचीच पद्धत आहे. वॉरंटी केव्हाच संपलेली असल्याने ती अडचण नाही. उद्यमनगरच्या दादांना दोन गोष्टी विचारतो. कपातले पाणी काढण्याची योग्य रीत कोणती? आणि पंपावर घनता तपासून घेतली तर पाण्याचे डिझेल ओळखता येईल का?

पंप-नोझल, उद्यमनगर

घनता जरूर तपासून घ्या. तो ग्राहकाचा हक्क आहे. मात्र त्यातून भेसळ कळते. तळाशी साचलेले पाणी कळत नाही, कारण नमुना नोझलमधून घेतला जातो. पाण्यासाठी पंपावर वेगळी पेस्ट असते. ती मापाच्या दांडीच्या टोकाला लावून दांडी टाकीच्या तळापर्यंत सोडतात आणि पाणी लागले तेवढ्या भागात पेस्टचा रंग बदलतो. अतिवृष्टीनंतर ही तपासणी झाली आहे का, असे नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली होता. जमिनीखालच्या टाक्या असलेल्या ठिकाणी अशा वेळी काळजी घ्यावीच लागते. टँकर रिकामा होत असताना मात्र डिझेल भरू नका, तळाचा गाळ त्या वेळी ढवळलेला असतो.

आता पाणी काढण्याची रीत. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, इंजिन सुरू करण्याआधी हे काम करायचे. ओढण्याच्या बाजूचा कॉक नुसता खाली उघडला तर बहुतेक वेळा काहीच येत नाही, कारण वरून हवा मिळाल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही. आधी हेडवरचा स्क्रू किंवा झाकण सैल करा, मग खालचा कॉक उघडून काचेच्या ग्लासात धरा. पाणी संपून स्वच्छ डिझेल येऊ लागले की कॉक बंद करा, वर डिझेल भरून झाकण बसवा आणि प्रायमर हाताला कडक लागेपर्यंत दाबा. झाकणाची ओ-रिंग (रबरी कडी) जागेवर बसली आहे ना, हे बोट फिरवून बघा. काढलेले पाणी ओढ्यात किंवा शेतात टाकू नका, गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या डब्यात द्या.

कंपनीचा फिल्टर बदलताना एक पथ्य पाळा. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने वरून भरून बसवू नका. ते न गाळलेले डिझेल थेट स्वच्छ बाजूला जाते. रिकामा बसवून प्रायमरनेच भरा. कंपनीच्या फिल्टरवरचा पाण्याचा सेन्सरही जोडलेलाच राहू द्या. सेपरेटर लावल्यावर तो दिवा पुन्हा लागला तर समजा की कप वेळेवर रिकामा झालेला नाही.

दूधगाडी, गगनबावडा

मे महिन्याच्या शेवटी काम करून घेतले, म्हणून नोंद करून ठेवतो. ३० मायक्रॉनचा, कपाखाली पत्र्याचे संरक्षण असलेला सेपरेटर चालकाच्या बाजूला चासीवर बसवला. नळी नायट्राइलची आणि मूळ मापाचीच आहे. बसवण्याआधी टाकी पुन्हा एकदा उतरवून धुऊन घेतली. जुना कंपनी फिल्टर करवतीने कापून बघितला तेव्हा त्याच्या कागदाच्या घड्या खालच्या बाजूला चहाच्या चोथ्यासारख्या काळ्या झालेल्या होत्या आणि पत्र्याच्या तळाला गंजाचे वर्तुळ होते. फिल्टर बदलून तेव्हा सातच महिने झाले होते.

पावसाळा सुरू होऊन पाच आठवडे झाले आहेत. पहिल्या आठवड्यात कपात करंगळीच्या पेराएवढे पाणी निघाले. संध्याकाळी टाकी भरून ठेवू लागल्यापासून आठवड्याला चार-सहा थेंबच निघतात. दर सोमवारी पहाटे, कॅन चढवण्याआधी कप बघतो. पाण्याचा दिवा एकदाही लागलेला नाही, आणि गगनबावड्याच्या चढाला गाडी पूर्वीइतकीच ओढते. दुसरे एलिमेंट घेऊन सीटखाली ठेवले आहे.