प्रिन्स एडवर्ड काउंटीच्या बंद शाळा : तत्त्व की द्वेष?

सरळमार्गी
अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद म्हटलं की १९५७ मध्ये लिटल रॉक शहरात गोऱ्यांच्या शाळेत निघालेल्या काळ्या मुलांना शिव्या देणारा जमाव आठवतो. माझ्या मते खरा विरोध झाला तो कायदेमंडळात आणि अंदाजपत्रकात. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन नावाच्या खटल्यात काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. व्हर्जिनिया राज्यात सिनेटर हॅरी बर्ड यांनी 'मॅसिव्ह रेझिस्टन्स' म्हणजे या निकालाला सर्व शक्तीनिशी विरोध पुकारला आणि काळी-गोरी मुलं एकत्र बसवणारी शाळा बंद करायचा कायदाच राज्याने केला. जानेवारी १९५९ मध्ये न्यायालयांनी तो मोडीत काढला, तर त्याच राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शाळांसाठी कर लावणंच थांबवलं. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप! गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकॅडमी लगेच उभी राहिली. काळी मुलं १९६३ पर्यंत वाऱ्यावर, सरकारी शाळा तर १९६४ पर्यंत बंद. हा द्वेष नाही तर काय?

कायद्याचा_कीस
असहमत. अमेरिकेत सरकारी शाळा बऱ्याच अंशी स्थानिक करावर चालतात. कर लावायचा की नाही हे तिथल्या लोकांनी निवडून दिलेली माणसंच ठरवणार. शिवाय काळ्या मुलांसाठीही खाजगी शाळा काढायचा प्रस्ताव होता, तो त्यांच्याच पालकांनी नाकारला. हे कुणी सांगत नाही.

मोटनची_बाजू
सांगते ना. तिथल्या काळ्या मुलांच्या मोटन हायस्कूलमध्ये मुलं मावत नव्हती म्हणून डांबरी कागदाच्या शेड ठोकल्या होत्या. पावसात गळायच्या. शेगडीजवळचं मूल घामाघूम, कोपऱ्यातलं कोट घालून कुडकुडतंय. १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवला, त्यातून खटला उभा राहिला आणि तोच पुढे ब्राऊनमध्ये सामील झाला. एवढं करून जिंकलेला हक्क खाजगी शाळेच्या बदल्यात सोडून द्यायचा? पालकांनी नाकारलं ते योग्यच केलं.

आणि स्थानिक कराचं म्हणाल, तर १९६०-६१ मध्ये गोऱ्या अकॅडमीतल्या मुलांच्या फीसाठी राज्य आणि काउंटी दोघांनी अनुदान दिलं, वर देणगीदारांना करात सूट. म्हणजे तिजोरी बंद नव्हती, फक्त एका बाजूला उघडत होती.

कायद्याचा_कीस
अनुदानाचा मुद्दा मान्य, त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण सगळं खापर राजकारण्यांवर फोडू नका. ब्राऊन खटल्याच्याच १९५५ च्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तारीखच दिली नाही, 'शक्य तितक्या लवकर' अशा अर्थाचं मोघम बोलून जबाबदारी खालच्या न्यायालयांवर ढकलली. पळवाट तिथूनच मिळाली.

सरळमार्गी
तारीख नव्हती हे खरं. पण पळवाट दिसली म्हणून कुणी पळायलाच हवं असं नाही. १९५६ च्या सदर्न मॅनिफेस्टोवर, म्हणजे ब्राऊन निकालाच्या विरोधातल्या जाहीरनाम्यावर, दक्षिणेतल्या शंभराच्या आसपास खासदारांनी सह्या केल्या, तेव्हा दक्षिणेतल्याच टेनेसीचे सिनेटर अल्बर्ट गोर आणि एस्टेस केफॉव्हर यांनी सही केली नाही. त्यांनाही मतं मागायला त्याच भागात जायचं होतं.

मोटनची_बाजू
+१. शेवटी १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कर लावा आणि शाळा उघडा. पण १९५९ मध्ये पहिलीत जायचं असलेलं मूल तोवर दहा-अकरा वर्षांचं झालं होतं. काहींना नातेवाइकांकडे दुसऱ्या राज्यात धाडलं, बरीचशी घरीच राहिली. २००४ मध्ये व्हर्जिनियाने या लोकांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा ती पन्नाशीत होती. कीस, कराचा अधिकार काउंटीचा म्हणता, तर या वर्षांचा हिशेब कुणाच्या नावावर लिहायचा ते तुम्हीच सांगा.