थ्रिंग हेडमास्तर: सुधारक की पैसेवाल्यांचा मास्तर?

धागाकर्ता: इंग्लंडातल्या रटलंडमधलं अपिंगहॅम हे आडगाव. १८५३ साली एडवर्ड थ्रिंग तिथल्या शाळेचा हेडमास्तर झाला, तेव्हा पटावर जेमतेम २५ पोरं. १८८७ मध्ये मरेपर्यंत त्याने ती जागा सोडली नाही. पट तीनशेवर गेल्यावर मात्र यानेच दार ओढून घेतलं. मास्तरला पोरगं ओळखता येत नसेल तर ती शाळा कसली, असा माणूस.

मला भावते ती त्याची खोल्यांची कल्पना. हा स्वतः ईटन या बड्या निवासी शाळेत शिकलेला. तिथे पन्नासेक पोरं रात्री एका लांबलचक दालनात कोंडलेली, थोरल्यांची दांडगाई सोसणारी. म्हणून याने प्रत्येक पोराला अभ्यासाला वेगळी खोली दिली. इवलीशीच, पण दार लावून घेता येईल अशी. हुशार असो की ढ, सगळ्यांना. शिवाय व्यायामशाळा (१८५९), सुतारकाम, संगीत. रग्बी शाळेचा हेडमास्तर अर्नोल्ड, त्याचे गोडवे सगळे गातात, माझ्या मते हा त्याच्यापेक्षा मोठा.

फळा-खडू: साफ असहमत. ‘प्रत्येक पोरगं’ म्हणजे ज्याच्या बापाला फी परवडते ते! आणि छडीचं काय? थ्रिंग फटके द्यायचा, तेही बिनदिक्कत. सरकारने शाळांत लक्ष घालायचं म्हटल्यावर १८६९ मध्ये हेडमास्तरांना घरी बोलावून परिषद भरवली. सुधारणा कसली, आपापल्या गढ्या राखायची सोय.

धागाकर्ता: छडीचं मान्य, तिथे बचाव नाही. पण हेडमास्तर होण्याआधी ग्लॉस्टरमध्ये पाद्रीपणा करताना तो गरिबांच्या शाळेत शिकवायचा. शिकवावं कसं हे तिथेच उमगलं, असं तो स्वतःच सांगायचा.

फळा-खडू: उमगलं तिथे, वापरलं पैसेवाल्यांवर. तेच म्हणतोय मी.

गावकरी: बोर्थ राहिलं की! १८७५ मध्ये अपिंगहॅमला विषमज्वराची साथ आली, काही पोरं दगावली. गटारं आणि पाणी सुधारा म्हणून हा ओरडतोय, गावचे कारभारी शाळेच्याच घरांकडे बोट दाखवतायत. शेवटी १८७६ च्या वसंतात याने अख्खी शाळा उचलली आणि वेल्सच्या किनाऱ्यावर बोर्थला नेली. पोरं, मास्तर, बाडबिस्तरा, सगळं. समुद्रकाठचं हॉटेल आणि आजूबाजूची घरं भाड्याने. वर्षभर शाळा तिथे चालली. मागे अपिंगहॅमच्या दुकानदारांचा धंदा बसला, मग कुठे गटारं सुधारली. आपल्याकडे पावसात वर्ग गळतो तर दोन वर्षं अर्जच फिरतात, हे आपलं जाता जाता.

फळा-खडू: बोर्थला मात्र सलाम. तरी अख्खं हॉटेल भाड्याने घेणारी शाळा गरिबांची नव्हे, हे लक्षात घ्या.

ताई_शिक्षिका: पुरुषांचंच चाललंय म्हणून एक भर. १८८७ मध्ये याने मुलींच्या शाळांच्या मुख्याध्यापिकांना अपिंगहॅमला परिषदेसाठी बोलावलं. त्या काळात असं करणारे हेडमास्तर किती होते?

फळा-खडू: ताई, बोलावलं खरं. पण त्याच्या वर्गात मुलगी एकही बसली नाही.

ताई_शिक्षिका: नाहीच बसली. त्याच ऑक्टोबरात तो गेलाही.