शब्दचर्चा : बायल्या

पेठकर :
काल नळ स्टॉपच्या थांब्यावर एक गृहस्थ लेकीची वेणी घालत होते. रबर दातांत धरलेलं, तिन्ही पेड सारखे, हात सराईत. बरोबरचा मित्र म्हणाला, "पार बायल्या झालास की रे!" शब्द 'बाईल'वरून आलाय हे उघड आहे. बाईल म्हणजे बायको. बाईलवेडा, बाईलबुद्ध्या ही त्याचीच भावंडं. पण टोमणा नक्की कुणाला? मला तर याच्या मुळाशी स्त्रीद्वेषच दिसतो. "माझी मुलगी नाही, मुलगाच आहे" असं आईबाप कौतुकानं सांगतात. "मुलगा नाही, मुलगीच आहे" असं अभिमानानं सांगणारा बाप कुणाला भेटलाय?

कोथरूडची :
मग 'पुरुषी'चं काय करायचं? "आवाज जरा पुरुषी आहे" हे मुलगी बघायला आलेली मंडळी काही कौतुकानं म्हणत नाहीत. फरक एवढाच, की बाईच्या धडाडीला तरी 'मर्दानी' म्हणून शाबासकी मिळते. 'बायकी'ला तशी कौतुकाची बाजूच नाही.

नदीपल्याड :
आणि बालगंधर्व? त्यांच्या नेसणीची, केशरचनेची नक्कल घराघरांतल्या बायका करायच्या. त्यांच्या नावाचं रंगमंदिर 1968 पासून भर पुण्यात उभं आहे.

पेठकर :
पडदा पडला की ते नारायणराव राजहंस होत. तमाशातल्या नाच्याला ही सवलत नाही. फडाबाहेरही लोक त्याला त्याच नजरेनं बघतात. (इथे जातीचा मामलाही आहे, पण तो वेगळा धागा.)

नदीपल्याड :
बरं, 'नामर्द', 'षंढ'? या शिव्यांत बाई कुठेच नाही.

कोथरूडची :
नाहीच. म्हणून सगळं एकाच खुंटीला टांगू नये. नामर्द म्हणजे पुरुषाचं ठरवून दिलेलं काम न जमलेला. बायल्या म्हणजे बाईचं काम करणारा, मग ते कितीही छान जमलेलं असो.

पण 'स्त्रीद्वेष' शब्द मला जड वाटतो. नळाला पाणी आलं नाही की बायकांचाच मोर्चा साहेबांना बांगड्यांचा आहेर करतो. त्या काय स्वतःचा द्वेष करतात? द्वेषाला राग लागतो. इथे आहे ती तुच्छता, आणि ती बायकांच्याही अंगवळणी पडलेली. सरकारी नियमांत तर तुच्छताही नसते, नुसतं गृहीत धरणं असतं. केंद्राच्या कर्मचारी बाईला बाळंतपणाची रजा 180 दिवस, बापाला 15. बाळंतीण सावरायला हवी, हे कबूल. पण बालसंगोपन रजा बाळंतपणासाठी नसते, तरी ती पुरुषाला 2018 मध्ये मिळाली, आणि तीही एकट्यानं मूल वाढवत असेल तरच. घरात बायको आहे ना, मग हा कशाला हवा!

पेठकर :
तुच्छता मान्य. पण ती बाईबद्दलचीच, एवढं माझं राहू द्या. मग कोशात नोंद अशी करू : बायल्या (पु., तुच्छतादर्शक) – १. बायकी वळणाचा पुरुष. २. बायकोच्या तंत्रानं चालणारा. ३. बायकांची समजली जाणारी कामं करणारा.

नदीपल्याड :
तिसऱ्या अर्थातलं 'समजली जाणारी' काढू नका हं.