पावसाळ्यात स्पोर्ट्स कार उभी ठेवायची आहे (माहीम), गंज लागू नये म्हणून काय करावं?

टपउघडा

नमस्कार मंडळी,

सेकंडहँड पोर्शे बॉक्सटर घेतली आहे, 2010 चं मॉडेल, कापडी टपाची. आधीच्या मालकाकडे पुण्यात बंद गॅरेजमध्ये होती, त्यामुळे खालून-वरून स्वच्छ आहे. आता तिचा मुंबईतला पहिला पावसाळा येतोय आणि माझी झोप उडाली आहे. राहायला माहीमला, समुद्र दोन गल्ल्या सोडून. बिल्डिंगखाली स्टिल्ट पार्किंग, तीन बाजूंनी उघडं. पाऊस थेट लागत नाही, पण पश्चिमेचं वारं आरपार जातं. दुसरी सोय मुलुंडला, मेहुण्याच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. जून ते सप्टेंबर गाडी जवळजवळ उभीच राहील, कारण पावसात सायनच्या रस्त्यावर साचणाऱ्या तळ्यातून इतकी बुटकी गाडी काढायची माझी छाती नाही.

चुलतभाऊ म्युनिकला असतो. तो दर हिवाळ्यात त्याची गाडी अशीच ठेवून देतो. त्याने यादी पाठवली: धुवा, वॅक्स करा, टाकी फुल करा, बॅटरीला चार्जर लावा, कव्हर घाला आणि विसरून जा. ही यादी इथे जशीच्या तशी चालेल का? शिवाय गॅरेजवाला खालून काळं अँटी-रस्ट कोटिंग मारून घ्या म्हणून मागे लागलाय. दर रविवारी खाली जाऊन पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवेन असा विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

स्टेपनी

विका आणि वॅगनआर घ्या. (हलकं घ्या.)

कव्हरपुरतं सांगतो. फुटपाथवर मिळतं ते चंदेरी, आतून प्लास्टिक असलेलं कव्हर अजिबात नको. खाली ओल कोंडते आणि वाऱ्याने फडफडून रंगावर बारीक ओरखडे येतात ते वेगळेच. छपराखाली गाडी असेल तर हवा खेळती ठेवणारं कापडी कव्हर घ्या, आणि तेही गाडी पूर्ण वाळल्यावरच घाला.

लोखंडवाला

यादी वाईट नाही, पण ती दुसऱ्या हवेची आहे.

मिठाचा एक गुण लक्षात ठेवा. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे माहीमच्या वाऱ्याने गाडीवर आणून बसवलेला खार, पावसाचा थेंब न लागताही, रात्रंदिवस ओला. स्टिल्टचा तर उलटा ताप: उघड्यावरच्या गाडीवरचा खार निदान पाऊस धुवून नेतो, तुमच्या गाडीवर तो नुसता साठत जाणार. म्हणून वॅक्स, कव्हर, कोटिंग या सगळ्याच्या आधी दोन कामं. अंगावरचा खार काढा आणि नवा खार येणार नाही अशा जागी गाडी न्या. खाऱ्या हवेचा जोर किनाऱ्यालगतच्या पहिल्या काहीशे मीटरांत सर्वात जास्त असतो, पुढे भराभर उतरतो. माझं मत मुलुंडला.

आता धुणं. कुठल्या पाण्याने, हे कोणीच विचारत नाही. माहीम-दादरच्या कित्येक सोसायट्यांत सकाळी गाड्या पुसणारा माणूस बोअरच्या नळाखाली बादली भरतो, आणि किनाऱ्याजवळचं बोअरचं पाणी बरेचदा मचूळ असतं. म्हणजे महिन्याचे पैसे देऊन आपणच गाडीला मीठ चोळून घेतो! वॉटर प्युरिफायरवाल्यांकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असतो, तो एकदा बोअरच्या बादलीत बुडवा, एकदा पालिकेच्या नळाच्या पाण्यात. आकडे बघितल्यावर त्या माणसाला बोअर कायमचा बंद सांगाल. शेवटची धुलाई रॅम्पवर, गोड्या पाण्याने आणि मुख्यतः खालून: चाकांच्या कमानी, दाराखालच्या फटी, सस्पेन्शन. त्यानंतर ओली गाडी तशीच उभी करायची नाही. 20-30 किलोमीटर फिरवा, ब्रेक तापून कोरडे होऊ द्या, मग पार्क करा.

पत्र्याची काळजी तुम्ही वाजवीपेक्षा जास्त करताय. पोर्शे 1970 च्या दशकाच्या मध्यापासून जस्त चढवलेला पत्रा वापरते. अपघातात ठोकून रंगवलेला भाग नसेल तर बॉडी सहसा दगा देत नाही. सडतं ते बाकीचं: ब्रेक डिस्क, सायलेन्सरचे बोल्ट आणि क्लॅम्प, ब्रेकच्या नळ्यांचे जोड.

आणि सर्वात महाग पडतं ते पुढे. बॉक्सटरचं इंजिन मागे असलं तरी रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या तोंडांत आहेत. खाली बसून तिथे टॉर्च मारा. रेन ट्रीचा पाला, गुलमोहराच्या पाकळ्या, वेफर्सच्या पाकिटाचे तुकडे आणि चिखल, सगळ्याचा मिळून काळा लगदा दिसेल. तो महिनोन्‌महिने ओला राहतो आणि त्याला टेकलेली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पाती पांढरी पडून बोटाने चुरली जातात. व्हॅक्यूम क्लीनरची चपटी नळी आत घालून ओढून काढा. बंपर उतरवून साफ केलंत तर उत्तमच, चांगला मेकॅनिक असेल तर फार मोठं काम नाही.

काळं कोटिंग: नको. खाली खार किंवा ओल राहिली असेल तर ती आतच कोंडली जाते. वरून झकास काळं दिसतं आणि आतून फुगत राहतं. शिवाय नंतर कुठला बोल्ट खोलायचा म्हटलं की मेकॅनिक शिव्या घालतो. त्याऐवजी मेणाचा किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणासारख्या चरबीचा) पातळ स्प्रे घ्या आणि बोल्ट, क्लॅम्प, नळ्यांच्या जोडांवर मारा. डिस्क, पॅड आणि रबरावर चुकूनही नको. लोक डब्ल्यूडी-40 मारतात. ते पाणी हटवायला छान, पण इतकं पातळ की चार महिन्यांच्या पावसाळ्याला पुरत नाही.

रविवारची पाच मिनिटं बंद करा. एक लिटर पेट्रोल जळलं की ढोबळमानाने लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं तर त्याची वाफ बाहेर जाते. नाही तापलं तर ते पाणी सायलेन्सरमध्ये साचतं, थोडं इंजिन ऑइलमध्येही उतरतं. एक तर अर्धा तास नीट चालवा, नाहीतर हातच लावू नका.

कुर्ला ते टोरांटो

लोखंडवालांना +1.

इकडे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून अशा गाड्यांचे मालक पहिलं मीठ पडायच्या आत गाडी गॅरेजात घालतात आणि वसंतात एक-दोन पावसांनी रस्ते धुतले गेले की बाहेर काढतात. जर्मनीत तर ठराविक महिन्यांपुरतीच चालणारी नंबरप्लेट मिळते. उरलेल्या महिन्यांत गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. तुमच्या भावाकडे बहुधा तीच असेल. पण आमचं गॅरेज थंड असतं, थंडीत गंजाची क्रिया मंदावते आणि त्या हवेत बाष्पही कमी. इथले जाणते लोक सांगतात की मीठ लागलेली ओली गाडी उबदार गॅरेजमध्ये आणू नका, तिथे ती जास्त गंजते. आणि तुमची मुंबई म्हणजे चार महिने चालणारं उबदार गॅरेज. त्यामुळे भावाच्या यादीतलं ‘विसरून जा’ तेवढं खोडा.

टाकी फुल करण्यामागे कारण आहे: रिकाम्या जागेत दमट हवा राहते. भारतात 2023 पासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. 2010 ची गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नाही. तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरा, सोबत फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) घाला आणि थोडं अंतर चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल. ऑइल चेंज पावसाळ्याच्या आधी करा, नंतर नको. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते, ती चार महिने बेअरिंगवर कशाला ठेवायची? ब्रेक ऑइलला दोन वर्षं झाली असतील तर तेही बदला.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, आतले शू चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा.

भरतीओहोटी

सगळे मुलुंड मुलुंड करताहेत, पण ते बेसमेंट आहे हे वाचलंत ना? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस रोज येत नाही हे मान्य, पण बेसमेंट भरायला त्याच्या पावपट पाऊसही पुरतो. सेक्रेटरीला विचाराल तर ‘आमच्याकडे कधीच पाणी येत नाही’ हेच उत्तर मिळेल. जुन्या वॉचमनला विचारा. खांबांवर आणि लिफ्टच्या खड्ड्यापाशी पाण्याची जुनी रेघ दिसते का बघा. उपसायचा पंप जनरेटरवर आहे का, हेही विचारा, कारण पंपाची गरज पडते तेव्हाच नेमकी वीज गेलेली असते. पोडियमवर (तळमजल्यावरच्या उंच पार्किंगच्या मजल्यावर) किंवा त्याहून वरच्या पार्किंगमध्ये कोणाशी अदलाबदल करता आली तर सोन्याहून पिवळं.

पाणी चढलंच तर स्टार्ट मारू नका, ओढूनच काढा. पाणी शिरलेलं इंजिन फिरवून मोडलं तर साध्या पॉलिसीत ते सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

उघडीप मिळाली की हौसेने मरीन ड्राइव्ह गाठू नका. मोठ्या भरतीला लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात, समुद्राचं पाणी थेट रेडिएटरवर. मुलुंडहून ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने चेंबूरपर्यंत जाऊन परत या, तेवढं पुरे.

ओले काजू

गाडीच्या आतलं कोणी बोललंच नाही. चामड्याच्या सीटवर आणि स्टिअरिंगवर पंधरा दिवसांत पांढरी-हिरवी बुरशी येते, विशेषतः हाताचा घाम लागलेल्या जागी. आधी चामडं साफ करून कंडिशनर लावा, मॅट घरी न्या, एसी काही वेळ फक्त पंख्यावर चालवून मगच गाडी बंद करा. सिलिका जेलच्या मोठ्या पिशव्या ठेवा, अधूनमधून ओव्हनमध्ये सुकवून परत वापरता येतात.

कपाटात ठेवायचे ते ओल शोषणारे डबे मात्र गाडीत नकोत. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, डब्यात जमतं ते पाणी म्हणजे कडक खारं द्रावण. ते कार्पेटवर सांडलं तर सुकतच नाही आणि खालचा पत्रा, सीटच्या पट्ट्या, कनेक्टर सगळं खातं. खार टाळायला मुलुंडला जायचं आणि तोच डब्यात भरून आत ठेवायचा, याला काय अर्थ आहे?

उंदीर! पावसात बिळं भरली की ते गाड्यांत येतात, इंजिनच्या उबेला. सायलेन्सरच्या तोंडाला बारीक जाळी बसवा (चालवण्याआधी काढायची आठवण म्हणून किल्लीला चिठ्ठी अडकवा), आणि गाडीत बिस्किटाचा चुरासुद्धा सोडू नका. डांबराच्या गोळ्यांचा वास महिनोन्‌महिने जात नाही, उंदीर मात्र दोन दिवसांत सरावतात.

टपउघडा

बापरे, धन्यवाद सगळ्यांना. बादलीची चौकशी केली. बोअरच.

मेहुण्याशी बोललो, पहिल्या पोडियमवरच्या एका काकांची जागा चार महिने रिकामी आहे, ती मिळतेय. अडचण एकच: तिथे प्लग पॉइंट नाही आणि कॉमन मीटरवरून चार्जर लावायला कमिटी तयार नाही. मी दोन-तीन आठवड्यांतून एकदाच जाऊ शकेन. बॅटरी काढून घरी आणली तर चालेल का? आणि टपाच्या कापडाचं काय करू?

लोखंडवाला

टप बंद ठेवायचा, कोरडा. ओला घडी केलात तर घडीवर काळे डाग पडतात, ते निघत नाहीत. त्याआधी टप अर्धा उघडून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत बघा, तिथे पाणी जायची भोकं आहेत. कपभर पाणी हळूहळू ओता, मागच्या चाकाच्या पुढे खाली ठिबकलं पाहिजे. नाही ठिबकलं तर पाल्याने तुंबलंय. तेच पाणी सीटखाली येतं आणि तिथल्या इलेक्ट्रॉनिक युनिटचं बिल बघून लोक गाडी विकतात. तार खुपसून भोक फाडू नका, मऊ नायलॉनची दोरी वापरा.

बॅटरी घरी आणा, खुशाल. चार्जर साधा नको, भरल्यावर आपोआप कमी होणारा घ्या. बॅटरी एजीएम (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषलेली, सीलबंद) असेल तर चार्जरमध्ये ती सोय आहे का तेही बघा. वर्कशॉपमध्ये एकदा विचारून घ्या, काही वेळा परत जोडल्यावर काचा आणि रेडिओ सेट करावे लागतात.

दोन गोष्टी बॅटरी काढण्याआधी. बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि ती डिकी विजेवर उघडते. बॅटरी बाहेर असताना झाकण चुकून लॉक झालं तर फ्यूज बॉक्समधून बाहेर ओढायच्या टर्मिनलला बाहेरून 12 व्होल्ट देऊन उघडावं लागतं, म्हणून कुलपावर जाड फडकं ठेवून झाकण नुसतं टेकवा. दुसरं, दाराची काच बिनचौकटीची आहे. दार उघडताना ती विजेवर थोडी खाली सरकते. बॅटरी नसली की सरकत नाही आणि वरच्या रबरात अडकते. तेव्हा बॅटरी काढायच्या आधी दोन्ही काचा बोटभर खाली घ्या आणि फटीला बारीक जाळी लावा, नाहीतर ओले काजू यांचे उंदीर तिथून येतील.

टर्मिनलना व्हॅसलीन. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त, आणि दर खेपेला गाडी फूटभर पुढेमागे ढकला, म्हणजे टायर एकाच जागी बसणार नाहीत. ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा काढाल तेव्हा डिस्कवर तांबूस थर दिसेल. घाबरू नका, दहा-बारा वेळा मोकळ्या रस्त्यावर हळू ब्रेक मारलात की जातो. तरीही खरखर राहिली तर मात्र पॅड काढून बघायला सांगा.